आईची कॅसेट आणि फाळक्यांची रिळं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग सोयाबीनची काढणी, मग दिवाळीत नातवंडांचा धुडगूस. आता घर शांत झालंय. वाड्यातल्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकली आणि म्हटलं, मनात महिनाभर घोळतंय ते एकदाचं उतरवून टाकावं.

झालं असं. दिवाळीआधी माळा आवरायला काढला. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सात-आठ कॅसेटी सापडल्या. भीमसेनजींची अभंगवाणी, एक गीतरामायण (अर्धं!), आणि तळाशी एक साधी, कोरी म्हणून विकत घेतलेली कॅसेट. तिच्यावर माझ्याच अक्षरात निळ्या शाईनं लिहिलेलं : 'आई. दिवाळी १९८५.'

आमच्या घरात टू-इन-वन आला तो त्याच्या आदल्या वर्षी. शिक्षकाच्या पगारात ती मोठीच चैन होती. त्या दिवाळीत धाकटी बहीण माहेरी आलेली. आईला गमतीनं म्हटलं, 'जात्यावर बस अन् म्हण काही.' तोवर गावात पिठाची गिरणी येऊन कितीतरी वर्षं झालेली, पण आई डाळ भरडायला जात्यावर बसायचीच. तिनं आधी आढेवेढे घेतले, मग लागली म्हणायला. कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. १९८९ साली आई गेली.

कॅसेट घेऊन कारंज्याला गेलो. (नवीन वाचकांसाठी : आमचं कामरगाव कारंजा तालुक्यात. पूर्वी आम्ही अकोला जिल्ह्यातले, १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला तेव्हापासून वाशिमचे.) माझा एक जुना विद्यार्थी तिथे लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. जुन्या कॅसेटी, व्हिडिओ वगैरे पेनड्राइव्हवर उतरवून देतो. त्यानं कॅसेट उजेडात धरली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "गुरुजी, बुरशी धरली हो हिले. फीत चिकटली हाय. एकडाव चालन, दुसऱ्यांदा चालन का नाई, सांगता येत नाई. घाई नका करू."

मी म्हटलं, "अरे, चाळीस वर्षं तर झाली फक्त."

तो हसला. म्हणाला, "चाळीस वर्सं म्हन्जे लय झाले गुरुजी हिच्यासाठी."

हे वाक्य डोक्यात बसलं. चाळीस वर्षं म्हणजे 'लय'? मी आयुष्यभर इतिहास शिकवला. आमच्या विषयात चाळीस वर्षं म्हणजे काहीच नाही. मग वाटलं, हा हिशोब जरा नीट मांडून पाहावा. जुनं का टिकतं आणि नवं का नाही?

सुरुवात आपल्या वाशिमपासूनच करू. वाशिम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करत होता. त्याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं या वराहदेवानं करवून घेतलं. तसा लेखच तिथल्या भिंतीवर आहे. म्हणजे ज्या चित्रांसाठी जगभरातली माणसं येतात त्यांच्यामागे आपल्या वाशिमचा पैसा आणि वाशिमची माणसं होती. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा पोरं अविश्वासानं बघायची! वाशिम म्हणजे त्यांच्या लेखी कोर्टकचेरीचं गाव.

ती चित्रं कशावर काढली? मातीच्या गिलाव्यावर. त्यात भाताचा कोंडा, काड्या-तंतू, वरून चुन्याचा हात, आणि त्यावर बहुतेक माती-दगडांचेच रंग. इतकं साधं सामान, पण दीड हजार वर्षं होऊन गेली. पुष्कळ पडलं, झडलं, धुरानं काळं झालं, तरी आज जाऊन उभं राहिलं तर माणूस बोलायचा थांबतो.

पण थांबा. 'जुनं ते सोनं' म्हणून टाळ्या वाजवायची घाई करू नका. याच वत्सगुल्म शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. तो स्वतः कवी होता. त्यानं प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. पुढच्या काळातल्या मोठमोठ्या साहित्यशास्त्र्यांनी त्याची दखल घेतली, त्यातली उदाहरणं दिली. आज ते काव्य कुठे आहे? नाही. दुसऱ्यांच्या ग्रंथांत उद्धृत केलेले श्लोक तेवढे उरले. भिंत टिकली, काव्य गेलं. एकाच घराण्याची दोन कामं आणि त्यांची ही गत. तेव्हा जुन्या काळातही टिकणं हे काही आपोआप होत नव्हतं.

मग टिकवत कसे होते? त्याचं उत्तर आमच्या कारंज्यातच आहे. कारंजा म्हटलं की लोकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आठवतं. पण तिथली जैन मंदिरं आणि त्यांतले ग्रंथभांडार हाही मोठा ठेवा. शेकडो वर्षांच्या हस्तलिखित पोथ्या त्यात जपलेल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे प्रा. हीरालाल जैन यांनी या पोथ्यांचं मोल ओळखलं. १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादित केलेलं पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' कारंजा जैन ग्रंथमालेत निघालं आणि १९३३ साली हीरालालजींनी संपादित केलेलं 'णायकुमारचरिउ'. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला अपभ्रंश भाषेतला कवी. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची कविता आपल्या तालुक्याच्या गावी कपड्यात बांधून ठेवलेली होती!

ती टिकली कशी? एक तर दर काही पिढ्यांनी कुणीतरी बसून पोथीची नवी प्रत करत असे. प्रत करून दान देणं हे पुण्याचं काम. दुसरं म्हणजे श्रुतपंचमी. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला दिगंबर जैन मंडळी ग्रंथांची पूजा करतात, आणि त्या निमित्तानं पोथ्या सोडायच्या, झटकायच्या, नवी वेष्टनं घालायची, अशी रीत. पावसाळ्याच्या तोंडावर! किती शहाणपणाची गोष्ट आहे पाहा. नुसतं 'ग्रंथ जपा' म्हणून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. त्याचा सण केला, म्हणून दरसाल झालं.

आता या दोन गोष्टी लक्षात ठेवा : प्रत करणं आणि दरसाल उघडून पाहणं. आणि चला विसाव्या शतकात.

विसाव्या शतकात महाराष्ट्रानं देशाला जी एक नवी कोरी कला दिली ती म्हणजे सिनेमा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. चार रिळांचा चित्रपट. आज त्यातली किती उरली आहेत? दोन. पहिलं आणि शेवटचं. आणि तीसुद्धा १९१३ च्या चित्रपटाची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाची जी पहिली पाटी आपण गिरवली, ती मूळची आहे की दुसऱ्यांदा गिरवलेली याचीही खात्री नाही. आणि ही गोष्ट दीड हजार वर्षांपूर्वीची नाही. तो चित्रपट लागला तेव्हा माझे आजोबा तरणेबांड होते.

फाळक्यांनी नव्वदाहून अधिक चित्रपट काढले असं सांगतात. त्यांतले बहुतेक गेले. देशात मूकपटांच्या काळात हजाराच्या वर चित्रपट निघाले, आणि त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पहिला बोलपट 'आलम आरा', १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक थिएटर. त्याची एकही प्रत आज ठाऊक नाही. चित्रं आहेत, जाहिराती आहेत, गाणी कुठली होती ते माहीत आहे. चित्रपट नाही.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती 'सावकारी पाश'ची. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली काढलेला मूकपट. कथा नारायण हरी आपट्यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. देवादिकांच्या गोष्टी पडद्यावर चालत असताना या माणसानं कर्जात जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर उभा केला. तो मूकपट हरवला. १९३६ साली पेंटरांनी त्याचा बोलपट केला, पण पहिला तो पहिला. आमच्या भागात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती घरांवर कर्जापायी काय काय वेळ आली ते तुम्हाला मी सांगायला नको. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हेच दुःख पडद्यावर मांडलं होतं, आणि ते आपल्या पोरांना दाखवता येत नाही. इतिहासाच्या मास्तराला याहून मोठी हळहळ कुठली?

तुम्ही म्हणाल, गेलं कसं एवढं सगळं? मी जे वाचलं ते थोडक्यात सांगतो.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ती बंदुकीच्या कापसाची चुलत बहीण. जळताना लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो, म्हणून एकदा पेटली की पाण्यातसुद्धा जळत राहते. आणि पेटली नाही तरी आतून सडते. आधी चिकट होते, मग मधासारखा लगदा, आणि शेवटी तांबूस भुकटी. उष्ण, दमट हवेत हे फार लवकर होतं; म्हणजे आपल्याकडे. १९५० च्या सुमारास नायट्रेटची फिल्म बनणं बंद झालं.

दुसरं कारण माणसाचं. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरची चित्रं चांदीच्या कणांची असतात. चित्रपट चालून गेला, थिएटरवाला पुन्हा घेत नाही, गोदामाचं भाडं मात्र चढतंय. मग रिळं मोडीत विकायची आणि त्यांतली चांदी काढून घ्यायची. अशी किती रिळं गेली त्याची गणतीच नाही. त्या लोकांना खलनायक समजू नका. त्यांच्या दृष्टीनं तो संपलेला माल होता. बारदान जसं विकतो तसं विकलं. कालचा तमाशा उद्याचा इतिहास होईल असं तेव्हा कुणाला वाटणार?

हे ज्याला वाटलं असा एक माणूस मात्र झाला. परमेश कृष्णन नायर, मूळचे केरळचे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, त्याच्या पुढच्या वर्षी ते तिथे आले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं : जिथे डबा दिसेल तिथून तो आणायचा. फाळक्यांच्या कुटुंबाकडून मिळालेल्या तुकड्यांतून त्यांनी 'कालियामर्दन' (१९१९) जुळवला. त्यात बाळकृष्ण झाली आहे ती फाळक्यांची लेक मंदाकिनी. ती पोर आज पडद्यावर नागाच्या फण्यावर नाचताना दिसते, ती या माणसाच्या खटपटीमुळे. नायर २०१६ साली पुण्यात वारले. त्यांच्यावर २०१२ मध्ये 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपटही निघाला. मिळाला तर जरूर पाहा.

पण एवढं करूनही काय झालं? २००३ च्या जानेवारीत पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात म्हणजे आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या परिसरात, नायट्रेटच्या रिळांच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं जळाली. ज्यांच्या प्रती आधी करून ठेवल्या होत्या ते चित्रपट आज पाहता येतात. म्हणजे पुन्हा तेच, कारंज्याच्या पोथ्यांचं सूत्र : प्रत केली ते राहिलं.

'संत तुकाराम'च घ्या. दामले-फत्तेलालांचा, १९३६ चा. मुंबईत एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला. हा चित्रपट मी पाहिला तो सहावी-सातवीत असताना, बाजाराच्या पटांगणात, जमिनीवर गोणपाट टाकून. प्रसिद्धी खात्याची गाडी यायची, दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचे. आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो कारण पुढे गर्दी. त्यामुळे विष्णुपंत पागनीस आम्हाला उलटे दिसले! वैकुंठाला जाण्याचा प्रसंग आला तेव्हा आई पदर डोळ्याला लावून बसलेली मला अजून दिसते. तो चित्रपट का टिकला? लोकांना तो हवा होता म्हणून. वर्षानुवर्षं गावोगाव फिरत राहिला, म्हणून त्याच्या प्रती निघत राहिल्या. लोकांचं प्रेम हेही एक कोठारच आहे. पण ते कोठार सगळ्यांना उघडं नसतं, ही अडचण. 'सावकारी पाश'ला ते मिळालं नाही.

बरं, नायट्रेट गेलं, 'सुरक्षित' फिल्म आली, मग तरी सुटलो का? नाही. या अॅसिटेटच्या फिल्मला पुढे व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागतो, ती आकसते, वाकडी होते. आणि एका डब्याला लागलं की शेजारच्या डब्यालाही लागतं, आंब्याच्या अढीसारखं. रंगीत चित्रपटांचे रंग उडून सगळं गुलाबी दिसायला लागतं. मग चुंबकीय फीत आली, म्हणजे आमची कॅसेट. तिच्यातला डिंक ओल धरतो, बुरशी येते. मग आला कॉम्प्युटर, आणि सगळे म्हणाले, आता चिंता मिटली.

कसली मिटते! माझाच अनुभव सांगतो. १९९९ साली आमच्या भागातल्या एका स्मरणिकेसाठी मी गावातल्या दंडार आणि खडीगंमत करणाऱ्या मंडळींवर लेख लिहिला. सात-आठ म्हाताऱ्या कलावंतांच्या घरी जाऊन, त्यांचं ऐकून. एका दुकानात तो मराठी फाँटात टाइप करून घेतला, फ्लॉपीत घातला. स्मरणिका निघाली नाही. (अशा स्मरणिका निघत नाहीत, हा इतिहासाचा नियमच आहे!) हातानं लिहिलेला कच्चा मसुदा मी टाकून दिला, फ्लॉपी आहे ना! दहा वर्षांनी मुलानं कुठूनतरी फ्लॉपी वाचायचं यंत्र आणलं. फाइल उघडली. आत 'ß', '†', 'ó', असली भुतावळ. तो फाँट कुठला होता ते दुकानदारालाही आठवेना. युनिकोड यायच्या आधी मराठीत दर दुकानाचा फाँट वेगळा, त्याची किल्ली वेगळी. अक्षरं सगळी तिथेच आहेत, पण कुलपात. ज्यांना मी भेटलो होतो त्यांतलं आज कुणी नाही. अजिंठ्याच्या भिंतीवरचा लेख दीड हजार वर्षांनी वाचता येतो, आणि माझा लेख दहा वर्षांत वाचता येईना.

तेव्हा माझा हिशोब असा लागतो. दगड-माती आणि हातकागद या वस्तू दुर्लक्ष सोसतात. अजिंठा हजारावर वर्षं जंगलात पडून होता. १८१९ साली इंग्रज अधिकारी तिथे पोचला तोवर बाहेरच्या जगाला त्याची आठवणही नव्हती. दुर्लक्षातही तो टिकला. आपल्या काळातल्या वस्तू दुर्लक्ष सोसत नाहीत. फिल्म, फीत, डिस्क यांना दुभत्या म्हशीसारखं रोज पाहावं लागतं. चार दिवस गावाला गेलात की दूध आटलंच.

चित्रकारांचीही गत वेगळी नाही. आजचे चित्रकार काय काय वापरतात! विवान सुंदरम यांनी १९९१ साली यंत्राचं तेल आणि कोळसा वापरून चित्रं केली. विषय युद्धाचा, तेलासाठीच्या लढाईचा. त्यामुळे तेलच वापरायचं हे बरोबरच. पण कागदावर सांडलेलं यंत्राचं तेल शंभर वर्षांनी काय करील? संग्रहालयातल्या माणसाला त्याची काळजी. प्लॅस्टिक, टीव्हीचे पडदे, झगमगते दिवे, कलेत सगळं आलं. उद्या तो दिवाच बाजारात मिळेनासा झाला तर? नवा लावला तर ते मूळ काम राहील का?

जपण्याच्या हौसेनंही नुकसान होतं बरं का. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं लेण्यांत राहून केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्ससाहेबांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या; त्यांतल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. मूळ चित्रं मात्र इथेच, आपल्या लेण्यांत. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी मनापासून काम केलं, सुटलेले पोपडे बसवले. पण चित्रांवर चढवलेलं लाखेचं रोगण काळानं पिवळं पडलं आणि चित्रं काळवंडली. ते काढायला पुढच्या लोकांना किती कष्ट! तेव्हा जपणाऱ्यानं एक पथ्य पाळावं : आपण जे करतो ते पुढच्याला उलगडता आलं पाहिजे.

आता दुसरी बाजू. सगळंच जपायचं का? पालघर-डहाणूकडची वारली चित्रं पाहा. लग्नात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी चौक काढतात. ते चित्र राहावं म्हणून काढलेलंच नसतं. भिंत सारवली की गेलं. पुढच्या लग्नात पुन्हा काढायचं. तरीही ती कला आजवर आली, कारण चित्र गेलं तरी हात राहिला. १९७० नंतर जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर, कापडावर आणली आणि जगभर नेली. (२०१८ साली ते गेले.) तेव्हा जपण्याचे मार्ग दोन. एक वस्तू जपायची, दुसरा हात जपायचा. आईनं ओव्या लिहून ठेवल्या नव्हत्या. तिला अक्षरओळखही जेमतेम. तिच्या आईकडून तिच्याकडे आल्या त्या जात्याच्या खुंट्यावरून. गिरणी आली, खुंटा सुटला, आणि हाताची वाट बंद झाली. हाताची वाट बंद झाली की मगच वस्तूची वाट धरावी लागते.

हे ओळखून वेळेवर काम करणारी माणसंही महाराष्ट्रात झाली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून, बायकांना विश्वासात घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागल्या. काही प्रत्यक्ष आवाजातही ऐकता येतात. आणि आपल्या भागातलं मोठं उदाहरण म्हणजे गाडगेबाबा. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात त्यांचं जे शेवटचं कीर्तन झालं ते कुणीतरी ध्वनिमुद्रित केलं, म्हणून तो आवाज आज कानावर पडतो. दीड महिन्यानं, २० डिसेंबरला बाबा गेले. त्या दिवशी तिथे यंत्र नसतं तर? बाबांची चित्रं आहेत, पुस्तकं आहेत, पण त्या वऱ्हाडी बोलीतला तो सवाल-जवाब पुस्तकातून कसा येणार?

असो. आता कॅसेटकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

विद्यार्थ्यानं पंधरा दिवस घेतले. फीत बाहेर काढून, साफ करून दुसऱ्या खोक्यात बसवली. मग मला बोलावून घेतलं. पहिली बाजू लागली. खरखर होती, पण आई होती. जात्याची घरघर, मध्येच बहिणीचं हसणं, कुठेतरी म्हैस ओरडतेय. अकरा मिनिटं नीट, मग फीत ताणलेली, आवाज पाण्यातून आल्यासारखा. मी काही बोललो नाही.

मग त्यानं दुसरी बाजू लावली. आणि त्यातून आवाज आला तो माझा! 'अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर...' शिक्षक दिनाचं भाषण. १९९१ की ९२ चं असेल. घरी सराव केला होता आणि कसं वाटतं ते ऐकायला टेप केलं होतं. हाताशी आली ती कॅसेट घातली होती.

म्हणजे आईच्या ओव्यांवर मीच भाषण चढवलं होतं. भाषणाचा विषय सांगू? 'आपला सांस्कृतिक वारसा आणि शिक्षकाची जबाबदारी.'

बुरशीनं नेलं असतं तर बुरशीला बोल लावला असता. चांदीसाठी रिळं मोडणाऱ्यांवर इतकं लिहिलं, त्यांना निदान चांदी तरी मिळाली. घरी येऊन बहिणीला फोन केला, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दादा, जाऊ दे. मले येतात त्यातल्या काही." मी म्हटलं, "किती?" ती म्हणाली, "बसले म्हणजे सांगता येईन."

तर ती पुढच्या महिन्यात येते आहे. जातं अडगळीतून काढून धुऊन ठेवलंय, खुंटा नवा करून घेतला. नात सुटीला येणार आहे, तिला बहिणीशेजारी बसवणार. मोबाइलवर तर घेऊच, पण मी वही घेऊन बसणार आहे, शाईच्या पेनानं. उतरवलेल्या अकरा मिनिटांच्या प्रती मुलाकडे पुण्याला, बहिणीकडे अकोल्याला आणि माझ्याकडे, अशा तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. दर श्रुतपंचमीला तिघांनी त्या उघडून ऐकायच्या आणि चालतात का ते एकमेकांना कळवायचं, असं ठरलंय. आम्ही जैन नाही, पण चांगली रीत उचलायला काय हरकत आहे?

आणि एक. कॅसेटच्या पाठीवर दोन्ही कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन बारीक चिपट्या असायच्या. त्या मोडून टाकल्या की कॅसेटवर दुसरं काही टेप होत नसे. नखानं मोडायच्या, क्षणाचं काम. माझ्या त्या कॅसेटच्या दोन्ही चिपट्या अजून शाबूत आहेत.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर आज काढा. आधी चिपट्या मोडा, मग बाकीचं.